समुद्राकाठचे सात आठवडे आणि फुरसतीचा हक्क

"समाज १ जानेवारीला भीमा कोरेगावला उभा होता आणि तुम्ही श्रीलंकेत समुद्रावर पाय पसरून बसला होतात!"

हे वाक्य आम्हाला एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने चार लोकांसमोर ऐकवले. रागाने नाही, हसत हसत ऐकवले. पण हसत मारलेला टोला जास्त लागतो. त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही. वर्षभर मात्र तो टोला आमच्या मनात राहिला, कारण तो आम्हीच स्वतःला मारला होता. म्हणून आता सविस्तर लिहितो. हे प्रवासवर्णन नाही. फुरसत कोणाची मालमत्ता आहे, हा यातला प्रश्न आहे.

आधी हकिकत सांगतो. १० डिसेंबर २०२४ ला, म्हणजे चैत्यभूमीवरून परतल्यावर चार दिवसांनी, आम्ही दोघे नवरा-बायको आणि आई असे तिघे श्रीलंकेला गेलो. आई म्हणजे आमच्यातल्या एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. घरात ती दोघांचीही आईच आहे. २८ जानेवारीला परत आलो. मधले सात आठवडे दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावरच्या हिक्कडुवा या एकाच गावात राहिलो. सहल कंपनी नाही, 'पाच दिवसांत सात विहार' नाही. समुद्रापासून पाच मिनिटांवर एका बाईंच्या घराचा मागचा भाग महिन्याच्या भाड्याने घेतला, स्वयंपाक स्वतः केला. व्हिसा तीस दिवसांचा होता, तो वाढवून घेतला.

पैशाचे विचारणार, म्हणून तेही सांगतो. चळवळीचा एक रुपया नाही. आईच्या निवृत्तीच्या पैशातले काही आणि आमची शिल्लक. भारतीय रुपयाला तिकडचे साधारण साडेतीन रुपये मिळत होते. आपल्याकडे एका साध्या लग्नाच्या मंडपावर आणि जेवणावर जेवढे उडतात, तेवढ्यात तिघांचे विमान, भाडे, खाणे सगळे निघाले. कर्ज काढून आठशे पानं उठवली तर आपल्याकडे कोणी हिशेब मागत नाही. विश्रांती घेतली की मात्र हिशेब मागतात. इथूनच विचार करायला सुरुवात करू.

गेलो का? कारण सरळ होते. आम्ही दोघे दहा-बारा वर्षे वस्त्यांमध्ये काम करतो. शिष्यवृत्ती, जातपडताळणी, अत्याचाराची प्रकरणे, रात्री-बेरात्री पोलीस ठाणे. छत्तिसाव्या वर्षी आमच्यातल्या एकाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्याच वर्षी आमचा एक सहकारी एक्केचाळीसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. शोकसभेत प्रत्येक वक्ता म्हणाला, "त्याने कधी स्वतःचा विचार केला नाही." टाळ्या पडल्या. त्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिने टाळी वाजवली नाही.

आईचे कारण वेगळे होते. आमच्या तालुक्याच्या गावात ती ३१ वर्षे सफाई कामगार होती. पहाटे साडेचारला उठायचे, पाचला हजेरी, खराटा आणि ढकलगाडी. निवृत्त होऊन चार वर्षे झाली तरी ती साडेचारलाच उठते. तिने समुद्र पाहिला होता, पण कुठे? दादरला. ६ डिसेंबरला.

मित्रांनो, जरा आठवून पाहा. विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या किती माणसांनी समुद्र पहिल्यांदा कुठे पाहिला? रेल्वेच्या जनरल डब्यात उभ्याने प्रवास करून, शिवाजी पार्कावर रात्र काढून, चैत्यभूमीच्या रांगेत सरकत सरकत, मेणबत्ती आणि फूल हातात घेऊन. दर्शन झाले की मागे समुद्र असतो. पाच मिनिटे पाहिला आणि गाडी पकडायला पळालो. आपल्या आयाबायांसाठी समुद्र म्हणजे बाबासाहेबांचे जाणे. सवर्ण मध्यमवर्गाच्या कोकण सहलीतला समुद्र आणि आपला समुद्र एक नाही. पाणी तेच आहे, पण त्याच्याकडे बघायला मिळालेला वेळ एक नाही.

हिक्कडुव्याला पोहोचायला कोलंबोहून आगगाडीने साधारण शंभर किलोमीटर जावे लागते. रूळ बराच वेळ समुद्राच्या अगदी कडेने जातात. आई खिडकीत बसली होती. तासाभराने म्हणाली, "हा सरतच नाही का बापा?"

पहिले आठ दिवस तिला जड गेले. पहाटे घरमालकीण अंगण झाडायची. तिकडे नारळाच्या हिरांचा खराटा असतो, अगदी आपल्यासारखा. तो आवाज आला की आई ताडकन उठून बसायची. तिसऱ्या दिवशी तिने त्या बाईंच्या हातातून खराटा घेतला आणि अख्खे अंगण, वर बाहेरची गल्लीही झाडून काढली. आम्ही म्हटले, "आई, तू इथे पाहुणी आहेस." ती म्हणाली, "काम नसलं की मले भेव वाटते."

भेव वाटते! हे वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवले. एम. ए.ला समाजशास्त्र शिकताना व्हेब्लेन वाचला होता. त्याचे १८९९ चे पुस्तक फुरसतीच्या वर्गाबद्दल आहे: वरचा वर्ग काम न करणे हेच आपल्या प्रतिष्ठेचे चिन्ह बनवतो आणि अंगमेहनत हलकी ठरवतो. परीक्षेत त्यावर सोळा गुणांचे उत्तर लिहिले होते. पण त्याची दुसरी बाजू वर्गात कोणी शिकवली नव्हती. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त राबणे आले, त्यांना रिकामे बसणे हा गुन्हा वाटू लागतो. जातीने आपली जमीन घेतली, पाणी घेतले, अक्षर घेतले हे आपण भाषणात सांगतो. तिने आपली निवांत बसण्याची क्षमताही घेतली, हे आपण सांगत नाही. वतनदार महाराला दिवस-रात्र नव्हती; निरोप आला की निघायचे. आज आपण वतन सोडले, पण फोन वाजला की निघायचे ही सवय कार्यकर्ता म्हणून तशीच चालू ठेवली आणि तिला त्याग हे नाव दिले.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत." बरोबर आहे. १४ एप्रिलला अठरा तास अभ्यासाचे उपक्रम आम्हीही घेतले आहेत. पण तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना काय करत होते? १९४५ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला भरपगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ साली बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. जो माणूस स्वतः अठरा तास बसत होता, तो कामगाराचे तास कमी करत होता. त्याला तुमच्या घामाचे कौतुक नव्हते, त्याला तुमचा वेळ तुम्हाला परत द्यायचा होता.

याच काळात, १९४५ मध्ये, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणारा त्यांचा ग्रंथ आला. त्यातले गांधीवादावरचे प्रकरण पुन्हा वाचा. यंत्राला विरोध करणाऱ्या गांधीविचाराला त्यांचे उत्तर काय आहे? माणूस फक्त पोट भरण्यासाठी राबत राहिला तर तो पशूच्या पातळीवर राहतो. विचार, कला, संस्कृती हे सगळे फुरसतीतून येते आणि ती फुरसत सर्वांना मिळायची तर यंत्र हवे. म्हणजे फुरसत ही बाबासाहेबांच्या लोकशाहीच्या कल्पनेतली कळीची गोष्ट आहे, चैन नाही. त्यांच्याही आधी, १८९० साली, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे कोण होते? जोतिरावांचे सहकारी, सत्यशोधक. आपण ज्या रविवारी सभा लावतो, तो रविवारच मुळी एका सत्यशोधकाने विश्रांतीसाठी लढून मिळवलेला आहे!

आता हिक्कडुव्याला परत येतो.

पहिल्याच आठवड्यात उंदुवप पोया आला. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, त्याला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूविक्री बंद. १९६६ ते १९७१ या काळात तर रविवारऐवजी चंद्राच्या कलांप्रमाणे येणारे पोया दिवस हीच तिथली आठवड्याची सुट्टी होती. संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी आणली त्या घटनेची आठवण म्हणजे उंदुवप. घरमालकीण पांढरे कपडे घालून विहारात निघाली. आईने पेटीतून पांढरी साडी काढली. तीच साडी, जी आठ दिवसांपूर्वी चैत्यभूमीवर नेसली होती.

विहारात बायका दिवसभर अष्टशील घेऊन बसतात. आपल्याकडेही वर्षावासात उपोसथ करतात, पण संध्याकाळच्या स्वयंपाकाची घाई कोणाला सुटते? तिथे बायका खरोखर दिवसभर बसल्या होत्या. सूर्य माथ्यावरून कलल्यावर जेवण नाही, म्हणजे चूलही नाही. त्रिसरण सुरू झाले आणि आईचा आवाज त्यांच्या आवाजात मिसळला. चाल वेगळी, शब्द तेच. शेवटी 'साधु, साधु, साधु' झाले तेव्हा शेजारच्या दोन म्हाताऱ्या आश्चर्याने तिच्याकडे पाहत होत्या. एकमेकींचे एक वाक्य कळत नव्हते, पण पंचशील दोघींना पाठ होते. संध्याकाळी आई म्हणाली, "आज दिसभर काहीच नाही केलं आन् कोनी रागावलं नाही." ती पासष्ट वर्षांची आहे.

हळूहळू तिचे आणि घरमालकिणीचे जमले. मधे थोडे इंग्रजी आम्ही, बाकी हातवारे. त्या आईला 'अक्का' म्हणू लागल्या, म्हणजे आपल्यासारखीच मोठी बहीण. सिंहलीत धाकट्या बहिणीला 'नंगी' म्हणतात हे कळल्यावर आई तोंडाला पदर लावून पाच मिनिटे हसली. तसे म्हणायला तिने साफ नकार दिला. शेवटपर्यंत 'बाई'च म्हणाली. मसुराची डाळ, नारळाची चटणी आणि भात यावर तिचे छान भागले. सुक्या मासळीला तिथे करवल म्हणतात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा म्हणाली, "हे तर आपलंच घर हाय."

२६ डिसेंबरला त्सुनामीला वीस वर्षे झाली. हिक्कडुव्याला लागून उत्तरेला पेरालिया आहे. २००४ साली तिथे लाटेने भरलेली आगगाडी उलटवली आणि १,७०० च्या आसपास माणसे एका जागी गेली. आता तिथे जपानी मदतीने उभारलेली उंच बुद्धमूर्ती आहे. सकाळी दोन मिनिटे सगळे स्तब्ध उभे राहिले. घरमालकीण आमच्यासोबत होती. तिची मोठी बहीण त्या दिवशी किनाऱ्यावर होती. ती म्हणाली, दोन वर्षे मी समुद्राकडे तोंड करून बसले नाही. आम्ही हे आईला मराठीत सांगितले. आई म्हणाली, "तिले सांग, आमीबी समुद्रावर रडाले जातो." सांगितले. मग त्या दोघी संध्याकाळी उशिरापर्यंत वाळूत बसून राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

आता कोणी म्हणेल, म्हणजे बौद्ध देश पाहून भारावून आलात. नाही. आणि इथेच सात आठवडे राहण्याचा खरा फायदा झाला. घाईने जाणाऱ्याला बुद्धमूर्ती दिसतात. राहणाऱ्याला जात दिसते.

घरमालकिणीची मुलगी कोलंबोत नोकरी करते, सुट्टीला आली होती. रविवारच्या इंग्रजी वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती तिने आम्हाला दाखवल्या. अनेक जाहिरातींच्या सुरुवातीला दोन अक्षरे, 'जी' आणि 'बी'. म्हणजे गोविगम बौद्ध. गोविगम ही शेती-जमिनीवाली, वरची मानलेली जात. किनाऱ्यावर करावा म्हणजे मासेमारीवाले, सलागम म्हणजे दालचिनी सोलणारे, दुरावा म्हणजे ताडी काढणारे. हे कुटुंब करावा. मुलीचे एका मुलाशी जमले आहे, पण त्याच्या घरचे गोविगम आहेत आणि दोन वर्षे गाडे अडले आहे. दोन्ही घरे बौद्ध. दोन्ही घरांत पोयाला पांढरे कपडे.

भिक्खूसंघाचे काय? १७५३ मध्ये सयामहून उपसंपदा आणून सयाम निकाय सुरू झाला आणि पुढे त्याचे दार गोविगमांखेरीज इतरांना बंद झाले. तेव्हा याच किनाऱ्यावरच्या वेलितरा गावचे सलागम श्रामणेर ज्ञानविमल ब्रह्मदेशात गेले, १८०० साली तिथे उपसंपदा घेतली आणि परतून अमरपूर निकाय उभा केला. बालपिटिया हिक्कडुव्याहून जवळच आहे; एका सकाळी लोकल गाडीने जाऊन त्यांचा विहार पाहून आलो. ज्यांना आत घेतले नाही त्यांनी समुद्र ओलांडून दीक्षा आणली! छाती भरून आली. पण अमरपूर निकायातही पुढे जातीनुसार शाखा झाल्या, हेही खरे. डोंगराळ भागातल्या चहामळ्यांत राबणारे, तामिळनाडूतून नेलेले मजूर तर यात कुठेच नाहीत. त्यांत दलित जातींचे लोक मोठ्या संख्येने आहेत आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या बहुसंख्यांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. बौद्धांचे बहुसंख्य असलेल्या या देशाने तामिळांशी काय केले, हा इतिहासही डोळ्यांआड करता येत नाही.

बाबासाहेब १९५० च्या मे महिन्यात माईसाहेबांसह श्रीलंकेत गेले होते. कँडीला जागतिक बौद्ध परिषद होती. त्यांनी तो बौद्ध धर्म पाहिला आणि जसाच्या तसा उचलून आणला नाही. सहा वर्षांनी नागपुरात त्यांनी आपल्याला २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या कशासाठी, हे आम्हाला हिक्कडुव्याच्या व्हरांड्यात नव्याने कळले. पुस्तकात वाचले होतेच. पण रोज संध्याकाळी दोन तास निवांत बसून बोलायला मिळाले तेव्हा ते समजले. बाबासाहेब म्हणतात तसा विचार फुरसतीतून येतो, त्याचा आम्हाला मिळालेला पुरावा हा.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. त्याच १९५० सालच्या, बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावरील लेखात बाबासाहेबांनी निष्क्रिय भिक्खूंवर कठोर टीका केली आहे. भिक्खू समाजसेवक हवा, असे त्यांचे म्हणणे. मग फुरसतीचे समर्थन कसे? आम्हाला फरक असा दिसतो: दुसऱ्याच्या श्रमावर कायमचे बसणे म्हणजे आळस. श्रम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारा मोकळा वेळ म्हणजे फुरसत. युरोपातून थंडी चुकवायला आलेले लोक तिथे महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्या खुर्च्या लावणारा, टॉवेल धुणारा मुलगा सबंध हंगामात एक दिवस समुद्रात उतरत नाही. मग आम्ही कोण होतो? महिनाभर तरी आम्हीही त्या खुर्चीवाल्यांतच होतो. हे नाकारून चालणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सुचले नाही, आईने दिले. सहाव्या आठवड्यात पहाटे खराट्याचा आवाज आला. आम्ही जागे झालो, बघतो तर आई उठलेली, पण व्हरांड्यात खुर्चीवर बसून चहा पीत होती. खराटा घ्यायला गेली नाही. आम्हाला वाटले, जिंकलो. तेवढ्यात तिने दुसरा कप भरला आणि अंगणातल्या बाईंना हाक मारली, "बस ना बाई जराशी. झाडनं काही पयून नाही जात." मराठीच बोलली. बाईंना कळले. खराटा भिंतीला टेकवून त्या शेजारी बसल्या.

आमचे म्हणणे एवढेच आहे. आपण बसायचे आणि झाडणारीलाही बसवायचे. एकटे बसलो तर व्हेब्लेनचा वर्ग होऊ. कोणीच बसलो नाही तर जातीने नेमून दिलेले राबणे चालू ठेवू.

१ जानेवारीला काय केले, तेही सांगून टाकतो. नारळाच्या दुधातला किरीबत घरमालकिणीने आणून दिला. वर्षाच्या पहिल्या दिवशी तिथे तो करतातच. आम्ही तिघांनी मेणबत्ती लावली, विजयस्तंभाला मानवंदना दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी आमच्या अंगावर स्वयंसेवकाचे जॅकेट नव्हते. अपराधी वाटले, खोटे कशाला सांगू? पण तिकडे लाखो लोक होते आणि आमच्या जागी दोन नवी मुले उभी राहिली. पुढच्या वर्षी तीच मुले आमच्यापेक्षा नीट काम करतील. आपल्यावाचून चळवळ अडते असे ज्याला वाटते, त्याने एकदा तरी रजा घ्यावी.

तरुण मित्रांनो, परदेशीच जा असे आम्ही म्हणत नाही. सगळ्यांना ते परवडणारही नाही. पण तुमच्या संघटनेत पूर्णवेळ कार्यकर्त्याला वर्षातून किमान महिनाभराची रजा ठरावाने द्या. त्याच्या औषधपाण्यासाठी निधी ठेवा. हार-तुरे आणि डीजेचे पैसे त्यात वळवा. ज्या आईवडिलांनी राबून आपल्याला शिकवले त्यांना, हातपाय चालतात तोवर, चार दिवस कुठेतरी बसवून ठेवा. आणि शोकसभेत 'त्याने स्वतःचा विचार केला नाही' या वाक्यावर टाळ्या वाजवणे थांबवा.

यंदा ६ डिसेंबरला आम्ही नेहमीप्रमाणे दादरला होतो. वंदन झाल्यावर गाडीची वेळ होत आली म्हणून आम्ही घाई करत होतो. आई समुद्राकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, "थांबा ना जरा. हा तोच हाय." आम्ही थांबलो. ती गाडी चुकली. रात्रीच्या गाडीने निघालो.

जय भीम. नमो बुद्धाय.